रेशनकार्डात घडी घातलेला ईसीजी

सकाळचे साडेनऊ वाजले की सावंगी (मेघे) येथील रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पाय ठेवायला जागा उरत नाही. वर्धा शहराला लागून असलेलं हे गाव. नागपूर–तुळजापूर महामार्ग शेजारून जातो, त्यामुळे देवळी, पुलगाव, हिंगणघाट, आर्वीची माणसं तर येतातच, यवतमाळ-चंद्रपूरकडूनही गाड्या भरून येतात. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय इथं १९९० साली सुरू झालं. त्याला जोडलेलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय हा आता या टापूतल्या हृदयरुग्णांचा मोठा आधार आहे. वर्ध्याच्या दुसऱ्या अंगाला सेवाग्राम. तिथं १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि कस्तुरबा रुग्णालय. एवढ्याशा जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं, ही चैन महाराष्ट्रातल्या फार थोड्या ग्रामीण जिल्ह्यांना आहे.

म्हणून इथं उशिरा पोचलेल्या रुग्णाबद्दल ‘दवाखाना लांब होता’ एवढं सांगून भागत नाही. मग उशीर कशानं होतो?

ज्यांच्या कामाबद्दल हे लिहायचं आहे त्या बाई वैद्यकीय समाजसेवक आहेत. रुग्ण त्यांना ताई म्हणतात, इथंही तेच म्हणू. अर्धा दिवस टेबलाशी कागदपत्रं, उरलेला अर्धा वॉर्डात किंवा फोनवर, आणि शिबिर असलं की गावात, असं त्यांचं काम. हृदयाचा झटका आलेल्या माणसाचे नातेवाईक त्यांच्यापुढं येतात तेव्हा हातात हमखास दोन कागद असतात. एक रेशनकार्ड, दुसरा ईसीजी. बहुतेक वेळा ईसीजीची पट्टी रेशनकार्डातच घडी घालून ठेवलेली असते. ताई दोन्ही उलगडतात. एकावर हृदयाची अवस्था, दुसऱ्यावर घराची. केशरी, पिवळं की पांढरं. घरात किती माणसं. कर्त्या माणसाचं वय किती. वयाच्या रकान्यात पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, बावन्न असे आकडे इतक्यांदा येतात की त्यांना त्याचं नवल वाटत नाही. वाईट मात्र दर वेळी वाटतं.

ईसीजीच्या त्या पट्टीची एक गोष्ट ताई प्रत्येकाला सांगतात: आधी हिची झेरॉक्स काढा. ही पट्टी उष्णतेनं उमटणाऱ्या कागदाची असते. प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून पेटीत ठेवली, उन्हात राहिली, की रेषा फिकट होत जातात आणि काही वर्षांनी कागद कोराच दिसतो. माणूस पुन्हा छातीत दुखतं म्हणून येतो, डॉक्टर जुना ईसीजी मागतात, घरचे जपून ठेवलेली पट्टी काढून देतात आणि तिच्यावर काहीच नसतं. शिक्षकाच्या किंवा बँकेतल्या माणसाच्या फाइलमध्ये झेरॉक्स असते, मोबाइलमध्ये फोटो असतो. ज्यांनी कागद सर्वांत काळजीनं, पन्नीत बांधून, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवलेला असतो, त्यांचाच कागद कोरा होतो. जुना बदल कुठला आणि नवा कुठला हे त्यातून कळायचं असतं. ते कळत नाही आणि तपासणी पहिल्यापासून सुरू होते.

हृदयविकार हा खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार, हा समज विदर्भात अजून पक्का आहे. शेतात राबणाऱ्याचं रक्त साफ असतं, घामावाटे सगळं निघून जातं, असं गावोगाव ऐकू येतं. हा समज अगदीच निराधार नव्हता. काही दशकांपूर्वी शहरी, खात्यापित्या माणसांत हा आजार जास्त दिसे. पण राजस्थानच्या ग्रामीण भागात जयपूरच्या डॉ. राजीव गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली तेव्हा चित्र वेगळं निघालं होतं. कमी शिकलेल्यांत हृदयविकार जास्त, धूम्रपान जास्त, रक्तदाबही जास्त.

त्याच्याही आधी लंडनमध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. १९६७ पासून व्हाइटहॉलच्या सरकारी कचेऱ्यांतल्या चाळीस ते चौसष्ट वयाच्या पुरुषांची तपासणी झाली आणि पुढं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. हे सगळे नोकरदार, पगार वेळेवर, उपचार सरकारी सेवेत मोफत, उपाशी कोणी नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपायांत हृदयविकारानं होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघाले. विडी-सिगारेट, रक्तदाब, चरबी सगळं हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. संशोधक मायकेल मार्मट यांनी पुढची अनेक वर्षं त्या शिल्लक भागाचा शोध घेतला. दिवसभर जे करावं लागतं त्यावर माणसाचा स्वतःचा ताबा किती, हा प्रश्न त्यातून पुढं आला.

ताईंना हा मुद्दा कोणी समजावून सांगावा लागला नाही. पाऊस हातात नाही, कापसाचा भाव हातात नाही, सोयाबीन कापणीला आलं असताना परतीचा पाऊस येणार की नाही हे हातात नाही, आणि बँकेची नोटीस मात्र तारखेला येते. २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली त्यांत वर्धा होता. कर्जानं विष घेतलेल्या माणसाची नोंद होते. त्याच कर्जापायी रात्र-रात्र जागणाऱ्याचा रक्तदाब कुठं नोंदला जात नाही.

आता उशिराकडे येऊ. ताई प्रत्येक झटक्याच्या रुग्णाच्या घरच्यांना पहिल्या दुखण्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचं सगळं क्रमानं विचारतात. किती वाजता दुखलं, तेव्हा कुठं होता, काय खाल्लं होतं, कोणाला सांगितलं, मग काय केलं. माणसं आधी गोंधळतात, मग एक-एक आठवत जातं.

देवळी तालुक्यातल्या एका शेतमजुराची हकीकत अशी. सोयाबीनच्या सवंगणीचे दिवस. पहाटे छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, घाम फुटला. बायकोनं ओवा दिला, सोडा दिला. “पयले वाटलं गॅस हाय,” बायको सांगत होती. थोडं कमी झालं म्हणून तो शेतात गेला, कारण सवंगणीचा ठेका घेतलेला आणि टोळीतला एक माणूस कमी झाला तर बाकीच्यांचीही रोजी अडते. दहाच्या सुमारास धुऱ्यावरच बसला. गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथं एक इंजेक्शन देऊन पडून राहायला सांगितलं. दुपारी पुन्हा दुखलं. मग पैशाची जुळवाजुळव, कोणाची गाडी मिळते का ती शोधाशोध. १०८ ला फोन करावा हे सुचलंच नाही. ती गाडी बाळंतपणाला आणि अपघाताला, अशी घरात समजूत. सावंगीला पोचला तेव्हा दिवस कलायला आला होता.

त्याच आठवड्यात वर्ध्यातल्या एका कॉलनीतले, वयानं त्याच्याहून थोडे मोठे शिक्षक आले. मधुमेह होता, पोट सुटलेलं, चालणं बंद. धोक्याच्या खुणा मोजल्या तर शिक्षकांकडं जास्त. पण दुखायला लागल्याबरोबर मुलानं कारमध्ये घातलं, वाटेतूनच ओळखीच्या डॉक्टरला फोन केला, तासाभराच्या आत ईसीजी निघाला. दोघांच्याही हृदयाची तीच रक्तवाहिनी बंद झाली होती. शिक्षक तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी गेले. मजुराचाही जीव वाचला, पण हृदयाचा जो स्नायू तेवढ्या तासांत रक्ताविना मेला तो परत येत नाही. त्याच्या हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद निम्म्याहून खाली आली. पुढं शेतात पोतं उचलणं त्याला जमणार नव्हतं, आणि त्याचं सगळं पोट पोतं उचलण्यावर होतं.

या दोघांत जो फरक पडला तो देशभराच्या आकड्यांतही दिसतो. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतून वीस हजारांवर हृदयरुग्णांची नोंद ठेवणारा ‘क्रिएट’ नावाचा अभ्यास २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचायला निम्म्या रुग्णांना सहा तासांहून अधिक लागले होते. महिनाभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंतांत शेकडा साडेपाच, गरिबांत शेकडा आठच्या वर. पुढची गोष्ट फार महत्त्वाची आहे. गरीब आणि श्रीमंत यांना मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबातून काढला, तर मृत्यूंमधला फरकही नाहीसा झाला. म्हणजे गरिबाचं हृदय जात्या कमकुवत नव्हतं. त्याला औषध कमी मिळालं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कमी मिळालं, रक्तवाहिनी उघडण्याचे उपचार कमी मिळाले, म्हणून तो गेला. १७ देशांत झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासाचे २०१४ साली आलेले निष्कर्षही याच अंगानं जातात. गरीब देशांत लोकांच्या शरीरातले धोके कमी, पण हृदयविकारानं मरण मात्र जास्त.

हे आकडे वाचून हताश व्हायचं कारण नाही, उलट धीर यायला हवा. जन्मजात दुबळेपणावर काही करता येत नाही. न मिळालेला उपचार मिळवून देता येतो. महाराष्ट्रात ते काही अंशी झालंही आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. वर्ध्यासह १४ शेतीसंकटातल्या जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतलं. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्रानं रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या स्टेंटच्या किमतीला लगाम घातला आणि औषध लावलेला स्टेंट, जो आधी लाखाच्या घरात जाई, तो तीस हजारांच्या आत आला. ताईंच्या टेबलाशी याचा परिणाम उघड दिसतो. अँजिओप्लास्टी म्हटलं की वावर विकायची भाषा पूर्वी सर्रास चाले. आता नातेवाईक आधी योजनेच्या आरोग्यमित्राची खिडकी कुठं आहे ते विचारतात.

पण योजना ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी माणसाला जशी सांभाळते, तशी घरी गेल्यावर सांभाळत नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाला साधारण वर्षभर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र घ्याव्या लागतात. त्यातली एक मध्येच सुटली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो दुसरा झटका पहिल्याहून घातक असतो. शिवाय चरबीची गोळी, रक्तदाबाची गोळी, ह्या जन्मभराच्या. काही काळ पाठपुराव्याची सोय होते, पण एसटीचं भाडं कोण देणार, सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी कोण देणार? ताई फोन लावतात तेव्हा पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “कापूस घरात आला का येतो म्याडम.” कापूस घरात यायला दिवाळी उलटून जाते, कधी संक्रांतही. गोळ्या दसऱ्यालाच संपलेल्या असतात.

मध्यमवयाचं वैशिष्ट्य इथं नीट ध्यानात येतं. डॉक्टरांच्या भाषेत हा रक्तवाहिन्या कडक होण्याचा, रक्तदाब वर सरकण्याचा, साखर वाढण्याचा काळ. घराच्या भाषेत हाच मुलीच्या लग्नाचा, मुलाच्या पॉलिटेक्निकच्या फीचा, म्हाताऱ्या आईच्या मोतीबिंदूचा आणि पीककर्जाच्या नव्या-जुन्याचा काळ. घरातली सगळी माणसं ज्या एका माणसाकडे बघतात त्याच माणसानं याच वर्षांत स्वतःसाठी दिवस काढायचा असतो. पगारदाराला त्यासाठी रजा असते, वैद्यकीय बिल मिळतं, वर्षातून एकदा तपासणी होते. रोजंदारीवरच्या माणसाला तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेली रोजी, आणि तीही आपल्याला काही होत नसताना. रक्तदाब वाढलेला असताना बहुतेकांना खरंच काही होत नाही. म्हणून तर तो इतका वाईट.

आणि या आजाराची शिदोरी फार मागून आलेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्या गावांतल्या नवजात बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण कमी भरलं ते हाड-मांस. चरबी मात्र या किडकिडीत बाळांनी राखून ठेवली होती. आईच्या पोटात असताना कमी मिळालं तर शरीर काटकसर शिकतं, आणि पुढं चार घास जास्त मिळू लागले की तीच काटकसर मधुमेह आणि हृदयविकाराच्या वाटेनं बाहेर येते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जे दुर्भिक्ष पडलं, त्या वेळी गर्भाच्या पहिल्या महिन्यांत असलेल्यांना पन्नाशीच्या आसपास हृदयविकार जास्त झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी दाखवलं आहे. महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. ताई रुग्णाचं जन्मसाल विचारतात तेव्हा पुष्कळांना ते सांगता येत नाही, पण ‘सुकडी वाटत होते तवाचा’ एवढं सांगता येतं.

दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, जगात इतरत्र ५९ च्या आसपास, हे ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून पुढं आलं. त्याच अभ्यासानं आणखी एक गोष्ट दाखवली, जी विदर्भानं कान देऊन ऐकायला हवी. नुसता तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून जास्त. इकडं खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना. पानठेल्यावर पन्नीत घालून घोटून देतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा घोटायला कारखाना लागत नाही. मजुरीवर जाणारा माणूस सकाळी एक पन्नी घेतो, कारण खर्रा तोंडात असला की भूक लागत नाही आणि दुपारच्या भाकरीपर्यंत निभतं. त्याला फुप्फुसाचं, तोंडाच्या कॅन्सरचं भय माहीत आहे. हृदयाचं कोणी सांगितलेलं नाही. शिबिरात ताईंनी हे सांगितलं की पुरुष मान हलवतात आणि बाया हसून आपल्या पदराच्या गाठीला हात लावतात. खर्रा बायाही खातात.

बायांचा विषय ताईंच्या बोलण्यात परतपरत येतो. शहरातल्या पाहण्यांत बाईला पुरुषापेक्षा दहा वर्षं उशिरा हृदयविकार होतो असं सांगतात. पाळी चालू असेपर्यंत शरीरातली संप्रेरकं तिला जपतात. पण भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. ज्या बायांची पिशवी तिशी-पस्तिशीत काढलेली असते त्यांचं हे संरक्षण आणखी आधी सुटू शकतं. चुलीचा धूर वेगळाच. आणि बाईचा झटका दर वेळी सिनेमातल्यासारखा छातीवर हात ठेवून येतोच असं नाही. जबडा दुखतो, पाठ भरून येते, हातपाय गळतात, जीव घाबरतो. घरचे म्हणतात, थकली. तीही म्हणते, थकले. घरातल्या पुरुषाला ज्या गाडीनं आणलं, तिच्या वेळेस ती गाडी दुसऱ्या दिवशी निघते.

सेलू तालुक्यातल्या एका गावी शिबिर होतं. निंदणाहून परतलेल्या बाया रांगेत बसलेल्या. पन्नाशीकडं झुकलेल्या एका बाईचा रक्तदाब १६८ वर ९८ भरला. आधी कधी मोजला होता का, तर होता. गोळी सुरू होती का, तर होती. मग? तिनं नवऱ्याकडं बोट केलं. दोघांनाही रक्तदाब, उपकेंद्रातून त्याच्या नावानं महिन्याच्या गोळ्या येत. “दोघायलेही बीपीच हाय ना ताई, एकाच डबीतून घेतो.” एक दिवस तो, एक दिवस ती. गोळी एकच असल्यानं तिला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं, आणि पुन्हा जाऊन आपलं वेगळं कार्ड काढायला वेळ नव्हता. दुसऱ्या एकीनं सांगितलं, “गोळी घेतली का बीपी उतरते. उतरल्यावर काऊन घ्याची?” असा प्रश्न शिकलेली माणसंही विचारतात, पण त्यांना उत्तर द्यायला ओळखीचा कोणी तरी असतो.

तिथंच ताईंच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, गावातल्या एका आशा स्वयंसेविकेनं आणून दिली म्हणा. रक्तदाबाच्या यंत्राचा जो कापडी पट्टा दंडाला बांधतात तो मध्यम बांध्याच्या मोठ्या माणसासाठी केलेला असतो. दंडाचा घेर साधारण २७ ते ३४ सेंटिमीटर असेल तर तो बरोबर बसतो. राबणाऱ्या, हडकुळ्या बाईचा दंड कितीदा त्याहून बारीक असतो. पट्टा दंडाच्या मानानं मोठा पडला की आकडा खरा आहे त्याहून कमी येतो. याउलट जाड दंडाला तोच पट्टा लहान पडतो आणि आकडा जास्त दाखवतो. म्हणजे तपासणीच्या रांगेत जी सर्वांत अशक्त, तिचाच वाढलेला रक्तदाब यंत्राला ‘ठीक’ वाटून जाण्याचा धोका सर्वांत जास्त. आशाताईनं हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. दंडाला दोन वेढे घेऊनही पट्टा सैल राहतो हे तिच्या हाताला कळत होतं, आणि “हा आकडा बराबर असन का?” असं तिनं सरळ विचारलं.

उच्च रक्तदाबावर गावपातळीवर काम करण्याची संधी वर्ध्याला इतरांच्या आधी मिळाली. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा यांच्याबरोबर वर्धा होता. कल्पना साधी होती, आणि तीत दम होता. सगळ्यांसाठी एकच ठरलेली औषधांची पायरी, बहुधा अ‍ॅम्लोडिपिनपासून सुरुवात. प्रत्येक रुग्णाचं कार्ड. पुढची तारीख चुकली की फोन. आणि गोळ्या शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रातच, म्हणजे दर महिन्याला तालुक्याला जायला नको. या गोळ्या महाग नाहीत. बाजारातही महिन्याचा खर्च एका दिवसाच्या मजुरीत भागावा असा. पैशांपेक्षा अडचण आहे ती सातत्याची, आणि सातत्य घराजवळ मिळालं तरच टिकतं.

जिथं उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी गावात राहते, तिथं ताईंना वेगळंच दिसतं. मजूर बाया संध्याकाळी वावरातून येताना गोळ्या घेऊन जातात. जिथं उपकेंद्र दहा ते पाच चालतं तिथं सवंगणीच्या आणि वेचणीच्या महिन्यांत कार्डांवरच्या तारखा ओळीनं कोऱ्या. आजार तोच, गोळी तीच, जातही बहुतेक तीच; फक्त दार उघडं असण्याची वेळ वेगळी. शिक्षण, उत्पन्न, जात यांचा हृदयाशी संबंध काय, याचे जे तक्ते परिषदांतून दाखवले जातात त्यांत ही वेळ कुठल्या रकान्यात बसत नाही. पण ताईंच्या मते निम्मा संबंध तिथंच आहे, आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

त्यांनी स्वतःच्या कामात काही बदल करून घेतले आहेत. सुट्टी देताना कागदावर पुढची तारीख घालण्याआधी त्या विचारतात, त्या आठवड्यात शेतात काय काम असेल. निंदण असेल तर तारीख बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी मजुरी नसते आणि माणूस तसाही तालुक्याला येतो. शेतमजुराला झटका येऊन गेला असेल तर कोणतं काम चालेल आणि कोणतं नाही हे त्या डॉक्टरांकडून कामाच्या नावानिशी लिहून घेतात. ‘जड काम टाळा’ असं लिहून उपयोग नाही. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही; गुरं चारायला, राखणीला, विहिरीवरची मोटर चालू-बंद करायला हरकत नाही. ठेकेदाराला, सोयऱ्याला दाखवायला असा कागद हातात असला की माणसाची अडचण थोडी कमी होते. नवरा-बायको दोघांनाही रक्तदाब असेल तर दोघांची कार्डं एकाच फेरीत, पण वेगळी. आणि १०८ हा आकडा त्या रेशनकार्डाच्या मागच्या पानावर स्वतः पेननं लिहून देतात.

रक्तदाबाच्या यंत्राच्या पट्ट्याचं काम अजून चालू आहे. लहान दंडासाठीचा पट्टा बाजारात मिळतो, त्याला फार पैसे पडत नाहीत. पण उपकेंद्रांना जी यंत्रं जातात त्यांच्यासोबत तो नसतो, म्हणून तो मागावा लागतो, आणि मागायचा तर किती लागतील हे सांगावं लागतं. ताईंनी काही गावांतल्या आशांना शिवणकामाची टेप दिली आहे. रक्तदाब मोजण्याआधी दंडाचा घेर मोजायचा, कार्डाच्या कोपऱ्यात लिहायचा. गेल्या बैठकीत आलेल्या वह्यांमध्ये चाळिशीपुढच्या बायांच्या नावापुढं २३, २४, २२, २५ असे आकडे होते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जासोबत त्या वह्यांच्या झेरॉक्स जोडायच्या आहेत. एका वहीतलं शेवटचं पान भिजलंय, ते गाव पुन्हा मोजावं लागणार.